पाहुणा निघून जातो

उत्साही : पूर्व तुर्कस्तानात एकदा तरी जायला हवे असे मी म्हणतो, तेव्हा इस्तंबूलच्या सहलीला जोडलेले चार दिवस माझ्या मनात नसतात. अंकाराहून कार्सला जाणारी गाडी सुमारे 1,300 किलोमीटर धावते, युफ्रेटिसच्या वरच्या खोऱ्यातून एर्झुरूमच्या पठारावर चढते आणि कुठल्याही एका राष्ट्राच्या इतिहासात न मावणाऱ्या मुलखात आणून सोडते. कार्स 1878पासून 1918पर्यंत रशियाकडे होते. तिथले सरळ आखलेले रस्ते आणि काळ्या बसाल्टच्या इमारती त्या काळातल्या. दहाव्या शतकातले तिथले आर्मेनियन चर्च पुढे मशीद झाले, मग रशियनांचे चर्च, मग संग्रहालय आणि आता पुन्हा मशीद आहे. बाजारात तुर्की, कुर्दी, अझेरी कानावर पडते. आनीचे अवशेष तिथून तासाभराच्या अंतरावर आहेत. 961 मध्ये आर्मेनियन बाग्रातुनी राजांनी तिथे राजधानी आणली. त्रदात या वास्तुकाराने 1001 मध्ये तिथले मोठे कॅथेड्रल पुरे केले आणि भूकंपात पडलेला कॉन्स्टॅन्टिनोपलच्या हागिया सोफियाचा घुमटही त्यानेच दुरुस्त केला होता. त्याच तटाच्या आत कुर्द वंशाच्या शद्दादी अमिरांची मशीद आहे, जॉर्जियन लेख असलेली भित्तिचित्रे आहेत, अग्निमंदिराचे खांब आहेत. माणसे किती प्रकारांनी शेजारी राहू शकतात, हे एका दुपारच्या चालण्यात समजते. हे पुस्तकात कळत नाही.

साशंक : तुम्ही कोणी काय बांधले ते सांगितलेत. कोण गेले ते सांगितले नाहीत. कार्समधले रशियन गेले. झारने सीमेवर आणून वसवलेले मोलोकान या ख्रिस्ती पंथाचे शेतकरी टिकून होते, त्यांतले बहुतेक 1962 मध्ये सोव्हिएत संघात निघून गेले. आर्मेनियन तर असे गेले की त्यांच्या जाण्याचा उल्लेखही त्या देशात जपून करावा लागतो. 1915 मध्ये ऑटोमन सरकारने त्यांना घराबाहेर काढून वाळवंटाकडे हाकलले. लाखो मारले गेले. बहुतेक अभ्यासक त्याला वंशसंहार म्हणतात आणि तुर्की राज्य ते आजही मान्य करत नाही. व्हान सरोवराकाठी, व्हानच्या किल्ल्याखाली जुने व्हान शहर होते. आज तिथे गवताळ उंचवटे आहेत आणि दोन-तीन मशिदी. तुम्ही ज्याला शेजार म्हणता, तो शेजार संपल्यानंतरची शांतता तुम्हाला आवडते आहे. आनीच्या माळावर गर्दी नाही, दुकाने नाहीत, वारा आहे. हे सौंदर्य एका रिकामेपणावर उभे आहे. त्यात आणखी एक गोष्ट धरा. अनेक वर्षे आनीतल्या माहितीफलकांवर राजघराण्याचे नाव होते आणि ते घराणे कोणत्या लोकांचे होते हे टाळलेले होते. ते फलक वाचून परतलेला प्रवासी काय शिकून आला?

उत्साही : रिकामेपणाचे मला नाकारायचे नाही. पण त्यावरून न जाण्याचा निष्कर्ष काढू नका, कारण न पाहिलेल्या जागांचे काय झाले तेही आपल्यासमोर आहे. कार्सच्या दक्षिणेला दिगोरजवळच्या घळीत खत्स्कोंक मठाची पाच चर्चे होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाचही उभी असल्याची छायाचित्रे आहेत. आज एक उभे आहे. त्याच्या भिंतीलाही मोठे भगदाड आहे. याउलट व्हान सरोवरातल्या अख्तामार बेटावरचे चर्च घ्या. 915 ते 921 या काळात वास्पुराकान या आर्मेनियन राज्याचा राजा गागिक याने ते बांधून घेतले. बाहेरच्या भिंतींवर दगडात कोरलेले आदम आणि हव्वा आहेत, माशाच्या तोंडी जाणारा योना आहे, द्राक्षवेलींत गुंतलेली माणसे आणि जनावरे आहेत. 1951 मध्ये हे चर्च पाडायला सुरुवात झाली होती. यशार केमाल तेव्हा तरुण पत्रकार होते. त्यांच्या कानावर हे आले, त्यांनी आपल्या वृत्तपत्राच्या संपादकांमार्फत मंत्र्यांपर्यंत बातमी पोचवली आणि पाडकाम थांबले. 2005 ते 2007 मध्ये चर्चची डागडुजी झाली. 2010 मध्ये तिथे 1915 नंतरची पहिली प्रार्थना झाली. कोणीतरी तिथे होते, कोणीतरी पाहिले आणि बोलले, म्हणून त्या भिंती राहिल्या.

साशंक : त्या प्रार्थनेची गोष्ट पुढे सांगा. चर्च उघडले ते संग्रहालय म्हणून. प्रार्थनेची परवानगी मिळाली ती वर्षातून एका दिवसापुरती. पहिल्या प्रार्थनेच्या दिवशी घुमटावर क्रूस नव्हता, तो नंतर बसवला गेला. आणि दोन आठवड्यांच्या आत राष्ट्रवादी पक्षाचे नेते देवलेत बाहचेली कार्यकर्त्यांना घेऊन आनीला गेले आणि त्या कॅथेड्रलमध्ये शुक्रवारचा नमाज पढला गेला. म्हणजे जतन झालेली वास्तूही भांडणातून सुटत नाही. तिच्या दगडांवरून आजचे राजकारण चालते. कार्समध्ये शिल्पकार मेहमेत अक्सॉय तुर्क-आर्मेनियन सलोख्यासाठी टेकडीवर प्रचंड शिल्प उभारत होते, एकाच माणसाचे दुभंगलेले दोन भाग समोरासमोर. एर्दोआन यांनी पंतप्रधान असताना त्याला विद्रूप म्हटले आणि 2011 मध्ये ते तुकडे करून उतरवले गेले. दहाव्या शतकातला सलोखा दाखवून तिकीट विकायचे आणि एकविसाव्या शतकातला सलोखा कापून टाकायचा, अशा व्यवहारात आपण गिऱ्हाईक म्हणून उभे राहतो. पाहिल्याने वाचते, हेही नेहमी खरे नाही. आरास नदीच्या काठी, आज अझरबैजानकडे असलेल्या नखचिवानमध्ये, जुन्या जुल्फाची दफनभूमी होती. तिथे क्रूस कोरलेल्या हजारो आर्मेनियन शिळा होत्या. डिसेंबर 2005 मध्ये सैनिक त्या घणाने फोडत होते, तेव्हा नदीच्या इराणी काठावरून त्याचे चित्रीकरण झाले. साक्षीदार हजर होता. एकही शिळा वाचली नाही.

उत्साही : वाचली नाही, हे खरे. पण तिथे असे काही नव्हतेच म्हणण्याची वाट बंद झाली. अझरबैजानचे सरकार आजही नाकारते आणि ते चित्रीकरण त्या नकारासमोर उभे राहते. साक्षीचे काम दगड वाचवण्याआधी खोटे अडवण्याचे असते. शिवाय हे जुल्फा आपल्याला परके नाही. 1604-05 मध्ये इराणच्या शाह अब्बासने तिथले सगळे शहर उठवले आणि आर्मेनियन व्यापाऱ्यांना इस्फहानजवळ नव्या जुल्फात नेऊन वसवले. त्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या सुरतेत आल्या, मद्रासेत आल्या, मुंबईत आल्या. मुंबईच्या फोर्टमधले सेंट पीटर आर्मेनियन चर्च 1796चे आहे. जगातले पहिले आर्मेनियन नियतकालिक ‘अझदारार’ 1794 मध्ये मद्रासेतून निघाले. ज्यांच्या पूर्वजांच्या शिळा फोडल्या गेल्या, त्यांच्यातलीच माणसे आपल्या बंदरांत व्यापार करत होती. हा धागा हातात असताना त्या मुलखाला लांबचा म्हणणे मला जमत नाही. आणि तिथे सगळे मृतच आहे असेही नका समजू. केरेम आणि अस्लीची गोष्ट घ्या. मुसलमान तरुण आणि आर्मेनियन धर्मगुरूची मुलगी यांची ही प्रेमकथा. कार्सचे आशिक म्हणजे लोकगायक ती साज या तंतुवाद्यावर गातात, अझेरी गातात, आर्मेनियन गायकांनीही ती गायली. सीमा बंद झाली तरी गोष्ट सगळ्यांची राहिली.

साशंक : त्या गोष्टीत खलनायक कोण आहे ते आठवा. मुलीला घेऊन गावोगाव पळणारा आणि शेवटी जादूच्या गुंड्यांचा पोशाख घालायला लावून जावयाला जाळणारा आर्मेनियन बाप. गोष्ट सगळ्यांची आहे, पण तिच्यात आपला माणूस आणि परका माणूस ठरलेले आहेत. मी ती वाईट म्हणत नाही. एकत्र राहणे म्हणजे प्रेमच, असा अर्थ प्रवाशाने काढू नये एवढेच म्हणतो. व्हानच्या कड्यावर पर्शियन सम्राट झर्क्सिसचा तीन भाषांतला शिलालेख आहे. पाहुण्यांना तो बहुभाषिकतेचा पुरावा वाटतो. पण जुनी पर्शियन, एलामी आणि बाबिलोनी या तिन्ही भाषा दरबाराच्या होत्या. कड्याखाली राहणाऱ्यांची त्यात एकही नव्हती. अनेक भाषा दगडावर येतात आणि तिथल्या माणसाची भाषा बाहेर राहते, हे त्या प्रदेशात नवे नाही. 1983च्या कायद्याने कुर्दीत बोलण्या-लिहिण्यावर बंदी आली, ती 1991 मध्ये उठली. हजारो गावांची नावे बदलली गेली. 2016पासून व्हानसह अनेक शहरांत निवडून आलेले महापौर काढून सरकारी प्रशासक बसवले गेले. आता माझा खरा आक्षेप ऐका. चहाच्या दुकानात तुम्ही कोणालातरी विचारता, तुम्ही कोण, तुमचे आजोबा कुठले, 1915 मध्ये इथे काय झाले? तो उत्तर देतो. तुम्ही ते लिहिता, त्याचा फोटो टाकता. दोन दिवसांनी तुम्ही विमानात असता. तो तिथेच असतो, त्याच गल्लीत, त्याच पोलीस ठाण्याच्या हद्दीत. ‘तुर्कत्वाचा अपमान’ या कलमाखाली ह्रांत दिंक या आर्मेनियन संपादकाला शिक्षा झाली आणि जानेवारी 2007 मध्ये इस्तंबूलच्या रस्त्यावर त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. तो तर देशभर माहीत असलेला माणूस होता. तुमच्या जिज्ञासेची किंमत दुसरा कोणी मोजतो. पाहुणा निघून जातो.

उत्साही : हा आक्षेप मला सगळ्यांत जड वाटतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. बोलण्याची जोखीम त्यांची आहे, तर बोलायचे की नाही हा निर्णयही त्यांचाच आहे. तो आपण त्यांच्या वतीने आधीच घेऊन टाकला, तर आपण त्यांना सांभाळत नाही, त्यांना लहान करतो. 2004 मध्ये फेथिये चेतिन या वकील बाईंनी आपल्या आजीवर पुस्तक लिहिले. मुसलमान घरात आयुष्य काढलेली ती आजी जन्माने आर्मेनियन होती, 1915च्या तांड्यातून ओढून घेतलेली मुलगी होती, आणि हे तिने नातीला उतारवयात सांगितले. त्यानंतर कितीतरी घरांतली माणसे आपापल्या आज्यांबद्दल बोलू लागली. कोणी परदेशी प्रवासी त्यांना बोलते करायला गेला नव्हता. 2009 मध्ये सरकारी दूरचित्रवाणीची कुर्दी वाहिनी निघाली, 2012पासून शाळेत कुर्दी हा ऐच्छिक विषय झाला. पुरेसे नाही, मान्य. 1984पासून चाळीस हजारांहून अधिक जीव घेणाऱ्या संघर्षानंतर मे 2025 मध्ये पीकेके या सशस्त्र कुर्द संघटनेने स्वतःला बरखास्त करत असल्याचे जाहीर केले. संघर्षाच्या काळात तिथली हॉटेले ओस पडली, तरुण इस्तंबूलकडे गेले. व्हानमध्ये वनौषधी घातलेल्या चीजची न्याहारी मांडणाऱ्या माणसाला आपले नैतिक अवघडलेपण नको आहे. त्याला पाहुणा हवा आहे. त्याच्याकडे आपण गेलोच नाही, तर त्याच्याकडे जाणारा फक्त अधिकारी आणि शिपाई उरेल.

साशंक : त्याने काय सांगावे हे त्याने ठरवावे, हे मी मान्य करतो. मी त्याच्या तोंडावर बोट ठेवायला निघालो होतो, ते मागे घेतो. पण मग तुमच्या डोळ्यांबद्दल बोलू. ते कोणाला पाहतात? जूनच्या अखेरीस, 2020 मध्ये, त्याच व्हान सरोवरात एक बोट बुडाली. इराणची सीमा चोरून ओलांडलेले स्थलांतरित तिच्यात होते, बरेचसे अफगाण. साठहून अधिक माणसे गेली. तपासनाके चुकवायला ते पाण्यावरून चालले होते. तुम्ही अख्तामारला जाता तेही पाण्यावरूनच, आणि तुमचे तपासनाके पासपोर्ट दाखवला की संपतात. सीमाप्रदेशातला सगळ्यांत खरा प्रवासी त्या बोटीत होता आणि प्रवासवर्णनांत तो नसतो. दुसरे असे की प्रवाशाची करुणा सुंदर अवशेषांच्या मागे जाते. आर्मेनियन लोकांनी घुमट ठेवले, म्हणून त्यांचे दुःख आपल्याला दिसते. 1990च्या दशकात लष्कराने रिकामी केलेली कुर्द गावे दगडमातीची होती. त्यांचे छायाचित्र कोणी काढत नाही. कार्सच्या बाजारातले तुर्कीभाषक कारापापाक किंवा अझेरी घ्या. त्यांतल्या कित्येकांची घराणी आजच्या जॉर्जिया आणि आर्मेनियाच्या हद्दीतून उठून आलेली. 1988 ते 1990 या काळात आर्मेनियातून अझेरी हाकलले गेले, अझरबैजानमधून आर्मेनियन. 2023च्या सप्टेंबरात अझरबैजानमधल्या काराबाखमधून लाखभर आर्मेनियन काही दिवसांत बाहेर पडले. ज्यांनी मागे काही कोरलेले सोडले नाही, त्यांच्यासाठी तुमच्या डायरीत किती पाने आहेत?

उत्साही : फार थोडी, हे कबूल करावे लागेल. आणि हा दोष केवळ माझा नाही, प्रवास या रीतीचाच आहे. डोळा आकाराकडे ओढला जातो. म्हणून डोळ्यावर एकट्यावर भिस्त ठेवून तिथे जाऊ नये, एवढे मी या बोलण्यातून घेतो. पण एक गोष्ट मात्र प्रत्यक्ष जाऊनच कळते असे मला अजूनही वाटते, ती म्हणजे सीमेची जात. आनीच्या कड्यावर उभे राहिले की खाली अखुरियान नदी दिसते. तिच्यावरच्या जुन्या पुलाचे दोन्ही काठांवरचे बुंधे उभे आहेत आणि मधली कमान नाही. पलीकडचा आर्मेनियाचा काठ हाकेच्या अंतरावर आहे. काराबाखच्या युद्धात, 1993 मध्ये, तुर्कस्तानने ही सीमा बंद केली. कार्सहून आर्मेनियातल्या ग्युम्रीला जाणारी रेल्वेही तेव्हाच थांबली. फेब्रुवारी 2023 मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला, तेव्हा याच सीमेवरचा मार्गाराचा पूल तीस वर्षांत पहिल्यांदा उघडला आणि आर्मेनियाचे मदतीचे ट्रक त्यावरून गेले. म्हणजे सीमा निर्णयाने बंद होते आणि निर्णयाने उघडते. नकाशावर ती निसर्गासारखी वाटते, तिथे उभे राहिले की ती माणसांची करणी आहे हे कळते. ज्यांनी केली, ते ती मोडूही शकतात.

साशंक : किंवा पुन्हा बंद करू शकतात, तेही निर्णयानेच. तरी तुमचा मुद्दा मी ठेवून घेतो. आता यशार केमालांच्या गोष्टीकडे परत जाऊ, कारण ती तुम्ही अर्धीच सांगितलीत. चर्च पाडले जात असल्याचे त्यांना एका लष्करी डॉक्टरकडून कळले, जो त्याच भागात नोकरीला होता. त्याला स्वतः आवाज उठवणे अवघड होते. त्याने ते अशा माणसाला सांगितले, ज्याच्याकडे वृत्तपत्र होते. मला यात तुमच्या आणि माझ्या दोघांच्याही म्हणण्याचा जोड दिसतो. बोलायचे हे तिथल्या माणसाने ठरवले. काय आणि कुणाला सांगायचे हेही त्यानेच ठरवले. बाहेरच्या माणसाने ते नेमक्या जागी पोचवले. केमाल हे कुर्द घरातले, त्यांचे आईवडील व्हानच्याच बाजूचे. त्यांना जे कळले त्याचा अर्थ लागायला त्यांना कोणाचा फलक वाचावा लागला नाही. आपल्यापाशी ते नाते नाही आणि ते वृत्तपत्रही नाही. आपल्यापाशी कुणी विश्वासाने काही दिलेच, तर ते नेऊन पोचवायचे कुठे? मराठी वाचकापर्यंत पोचलेली साक्ष दिगोरच्या उरलेल्या चर्चला कशी उपयोगी पडते? याचे उत्तर माझ्यापाशी नाही आणि तुम्हीही ते अजून दिलेले नाही.

उत्साही : नाही दिले, कारण तेवढे ठाम उत्तर माझ्यापाशीही नाही. मराठीत लिहिलेल्या लेखाने खत्स्कोंकची भिंत सांधली जाणार नाही आणि कार्सच्या त्या शिल्पाचे तुकडे जोडले जाणार नाहीत. एवढे मात्र होऊ शकते की तिथून येणारी बातमी इथे रिकाम्या कानावर पडणार नाही. काराबाखमधून लाख माणसे निघाली तेव्हा आपल्याकडे ती बातमी किती जणांना समजली? जुल्फा कुठे आहे हे ज्याला माहीत असते, त्याला ती समजते. पण यावर मी समाधान मानावे का, हा तुमचा प्रश्न उभा राहतो आणि तो राहू द्यावा असे मला वाटते. जाण्याबद्दलचे माझे मत बदललेले नाही, जाण्याच्या अटी बदलल्या. पहिली, निघण्याआधी निदान तीन बाजूंचे वाचून जायचे, आर्मेनियन, कुर्द आणि तुर्क. दुसरी, चारचौघांत कोणाला त्याचा वंश विचारायचा नाही. त्याने आपणहून सांगितले तर ऐकायचे, आणि त्याचे नाव, गाव आणि चेहरा लिहिण्यातून गाळायचे. तिसरी, ज्यांचे घुमट उरले नाहीत त्यांच्यासाठी आपल्या पानांत मुद्दाम जागा ठेवायची.

साशंक : आणि चौथी माझी. आनीला जाऊन आलात की तिथे कोणते लोक राहत होते आणि त्यांचे काय झाले, हे इथे स्पष्ट शब्दांत सांगा. तिथल्या माणसाला ते म्हणण्याची मोकळीक नसेल, तुम्हाला आहे. जे सांगायला आपल्याला काहीच किंमत पडत नाही, ते न सांगण्याला कोणतेही कारण पुरणार नाही.